खिडकीतली जागा

आमच्या चर्चच्या खिडक्यांना जाड लोखंडी गज आहेत. मिशनरी साहेबाने ते चोरांच्या भीतीने बसवले, असं जुनी माणसं सांगतात. मला ते पटत नाही. आत चोरण्यासारखं काय, तर एक पायपेटी, आणि तिचा भातासुद्धा माझ्या लहानपणापासून फाटकाच. साहेबाने प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय नीट वाचला होता, एवढाच त्या गजांचा अर्थ.

त्या अध्यायात युतुख नावाचा एक तरुण आहे. त्रोवस गावी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, माडीवर मंडळी जमली होती. प्रेषित पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि सकाळच्या गाडीने जाणाऱ्या पाहुण्याचं जे होतं तेच त्याचं झालं. बोलणं संपेना. मध्यरात्र झाली. युतुख खिडकीत बसलेला. ही हकिगत लिहिणारा लूक जाता जाता सांगतो, की माडीवर दिवे पुष्कळ होते. लोडशेडिंगच्या दिवसांत ज्याने बंद खोलीत पंधरा माणसं आणि रॉकेलच्या चार चिमण्या यांच्यासोबत कौटुंबिक प्रार्थना केली आहे, त्याला एवढ्यावरून सगळं कळतं. पोरगं वाऱ्यासाठीच खिडकीत बसलं असणार. डोळा लागला, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. लोकांनी उचललं तेव्हा अंगात जीव नव्हता. पौल धावत खाली गेला, त्याला कवटाळलं, आणि घाबरू नका, जीव आहे, असा सगळ्यांना धीर दिला.

दुसरा कुणी वक्ता असता तर इथे आशीर्वाद देऊन मोकळा झाला असता. पौल पुन्हा माडीवर गेला, भाकर मोडली, चार घास खाल्ले आणि पार उजाडेपर्यंत बोलत राहिला. आमचे पाळकसाहेब चाळीस मिनिटांवर गेले की सौभाग्यवती बायकांच्या बाजूने घड्याळाकडे बघतात. त्यांना मी हा संदर्भ वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मेलेलं माणूस उठवता येत असेल तर बोलू दे की रात्रभर."

मला मात्र त्या गोष्टीतली न लिहिलेली ओळ आवडते. युतुखाला कुणी रागावल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं, कारण मला गरज होती. आमच्या आप्पांनाही.

आप्पा माझे चुलते. तिसऱ्या बाकाचं उजवं टोक, बरोबर पंख्याखाली. तिथे नाव कोरलेलं नाही, पण लाकडाला त्यांचा खोलगा पडला आहे. पहिलं गीत ते खणखणीत म्हणतात, दानाची थैली आली की जागे असतात, मधला काळ त्यांचा आणि देवाचा. याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवलं आहे, की सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला म्हणता, उभा राहा, नाहीतर इथे पायाशी बस. हे वाचताना मला नेहमी तो आपला पंखा आठवतो. याकोबाच्या वेळी पंखा नव्हता, तरी जागेची भानगड होतीच.

एक गंमत आमच्या मराठीत आहे. वास्तूला आम्ही चर्च म्हणतो, आजी तर सरळ देऊळच म्हणायची, पण बायबलात जिथे तो शब्द येतो तिथे आम्ही वाचतो 'मंडळी'. नाटकाची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, आणि जुन्या लोकांत तर "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणजे एकटी बायको. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया. तोही असाच, देवळाचा नव्हे, जमलेल्या माणसांचा. इफिसात पौलाच्या विरोधात दंगा होतो, लोक नाट्यगृहात घुसून आरडाओरडा करतात, आणि त्या जमावालाही लूक तोच शब्द वापरतो. वर सांगतो, की आपण कशाला जमलो आहोत हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आमच्या वार्षिक सभेचा अहवाल लिहायची पाळी येते तेव्हा मी लूकला मनातल्या मनात हात जोडतो.

पहिल्या विश्वासणाऱ्यांना चर्च बांधायची सोयच नव्हती. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू शिवणारं जोडपं. त्यांच्या घरी मंडळी जमायची. म्हणजे मला दिसतं ते असं: एका बाजूला सारलेले कापडाचे गठ्ठे, दाभण कुणाला टोचू नये म्हणून वर ठेवलेलं, आणि चुलीवर काहीतरी शिजतंय. उपासना आणि जेवण एकाच खोलीत आलं की पुढचं ओघानेच आलं. करिंथात प्रभुभोजनाला कोणी आधीच जेवून घेई, कोणी उपाशी राही, आणि कोणी चक्क झिंगलेला असे. ज्याचं काम उशिरा सुटे त्याच्या वाट्याला रिकामी भांडी. पौल किती चिडला असेल! पण एवढं सुनावून शेवटी त्याने काय सांगितलं, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पंगतीत वाढपी जे सांगतो तेच.

करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पत्रात पौल गीतांचंही बोलतो. कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिक्षण, कोणाकडे अन्य भाषा, आणि सगळे एकदम. एकेकाने बोला, असं त्याला लिहावं लागलं. आमच्याकडे भांडण चालींचं. 1895 साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची पदं 'उपासना संगीता'त आली, तरी अजून एक पक्ष पायपेटीचा आणि एक टाळ-मृदंगाचा. पायपेटीवाल्यांना टाळ गोंगाट वाटतो. शेवटच्या, दीडशेव्या स्तोत्रात झांजांचा उल्लेख एकदा करून भागलं नाही म्हणून लगेच दुसऱ्यांदा केला आहे, मोठ्याने वाजणाऱ्या झांजांचा, हे मी एकदा वडीलमंडळाच्या बैठकीत काढलं. त्यानंतर मला वडीलमंडळावर घेतलं नाही.

आणि युवदीया आणि सुंतुखे! फिलिप्पैच्या या दोघी चांगल्या कामसू बायका, पण आपसात बिनसलेलं. का, ते पौल लिहीत नाही. एकमनाची व्हा, एवढीच विनंती. पत्र साऱ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचलं गेलं असणार. त्या दुपारी दोघींची तोंडं कशी झाली असतील? आमच्या महिला मंडळात नाताळच्या करंज्यांवरून बिनसलं ते पत्राने मिटलं नाही. दोघींपैकी एक आजारी पडली, दुसरीने पेज नेऊन दिली, आणि करंज्यांचा विषय निघाला नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पहिलं गीत चालू असताना एक माणूस आत आला. शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथला असावा. पँटला सिमेंट, डोक्यावर प्लास्टिकची गोणी. पाऊस चुकवायला आला की उपासनेला, कोणी विचारलं नाही. त्याने गोणी दाराशी ठेवली आणि समोर मोकळं दिसलं तिथे बसला. तिसऱ्या बाकाचं उजवं टोक. सगळ्यांच्या माना वळल्या, गीताची एक ओळ जवळजवळ गळालीच. दोन मिनिटांनी आप्पा आले. छत्री झटकली, आपल्या जागेकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं. तो अर्धवट उठू लागला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, आपलं 'उपासना संगीत' उघडून त्याच्या हातात दिलं आणि पान बोटाने दाखवलं. मग भिंतीकडेला, खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

तिथे पंख्याचं वारं पोचत नाही, पण पावसाचा गारवा होता. संदेशाचा पहिला मुद्दा संपायच्या आत त्यांची मान गजांना टेकली.