मुखलेपन विशारद : परीक्षार्थींसाठी सूचना

सदर मार्गदर्शिका ज्यांना चेहरा आहे अशा सर्व इच्छुकांसाठी आहे. वय, लिंग, मूळ गाव यांची अट नाही. पुरुष उमेदवारांनी बायकोच्या ट्यूबमधून गुपचूप अभ्यास करण्याची जुनी पद्धत सोडून स्वतःच्या नावाने फॉर्म भरावा. अभ्यासक्रम गाण्याच्या परीक्षांच्या धर्तीवर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा आखला आहे. मात्र बहुसंख्य उमेदवार थेट विशारदला बसतात आणि प्रारंभिकला नापास होतात. म्हणजे रात्री महागड्या सीरमचे चार थेंब मोजून लावतात आणि सकाळी त्याच चेहऱ्यावर घरातली अंगाच्या साबणाची वडी फिरवतात.

तेव्हा आधी प्रारंभिक. विषय : तोंड धुणे. कातडीचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. या साबणाने तोंड धुतले की गाल ताणले जातात, हसायला गेले तर ओढ बसते. या अवस्थेला आपल्याकडे ‘कसं स्वच्छ वाटतं!’ म्हणतात. चेहरा म्हणजे देवघरातला तांब्या नव्हे. त्याला पितांबरी लावून लखलखीत करण्याचा आग्रह सोडावा. सौम्य, शक्यतो बिनवासाचा फेसवॉश घ्यावा. फेस जितका जास्त तितका मळ जास्त निघतो, ही समजूत बादलीत कपडे भिजवताना झालेली आहे, ती बादलीतच ठेवावी. अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटणे आणि मोती साबण यांना सांस्कृतिक सवलत आहे. नागरमोथा, कपूरकाचरी, आवळकाठी दिवाळीत अंगाला लागल्याने कोणाचे काही बिघडलेले नाही. तोंडावर मात्र उटणे खसाखसा घासू नये. दळणारा ते चेहऱ्यासाठी वेगळे बारीक दळत नाही.

प्रवेशिकेचा विषय ओलावा. यात मराठी घरे जन्मतः उत्तीर्ण असतात, कारण फडताळात कैलास जीवन असते. भाजले, कापले, टाच फुटली, ऊन लागले, सगळ्याला उत्तर एकच. खोबरेल तेल, चंदन, राळ, कापूर असा मामला असलेले हे मलम पोटातही घेता येते, असे त्याचे उत्पादक सांगतात. आणि ते खरोखर चमचाभर घेणारे ज्येष्ठ नागरिक प्रत्येक वाड्यात एक तरी होते. यावर हसणाऱ्यांनी व्हॅसलीनचा इतिहास वाचावा. त्याचे जनक रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. ते रोज चमचाभर व्हॅसलीन खात असत, असे सांगतात. जगले ९६ वर्षे. यावरून उमेदवारांनी कोणताही निष्कर्ष काढू नये आणि चमचा जागेवर ठेवावा.

मलम कधी लावायचे, हा प्रश्न हमखास येतो. पेट्रोलियम जेली कातडीला पाणी देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही, एवढेच. म्हणून कोरड्याठक्क चेहऱ्यावर ती थापून फारसा लाभ नाही. तोंड धुवावे, टॉवेलने टिपावे (पुसू नये), आणि कातडी ओलसर आहे तोवर लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. हायलुरॉनिक ॲसिडही पाणी धरून ठेवते. पहिले केमिस्टकडे साध्या बाटलीत मिळते, दुसरे ड्रॉपरच्या बाटलीत. ड्रॉपर आला की किंमत वाढते, हे सूत्र पाठ करावे. मुंबईच्या दमट हवेत हलके जेल पुरते, नागपूरच्या डिसेंबरात घट्ट क्रीम लागते. मुरुमे येणाऱ्यांनी खोबरेल तेलाचे काहीही तोंडावर लावू नये. त्याने रंध्रे बुजतात. टाचांचा हक्क टाचांना द्यावा.

याच पेपरात कायद्याचा एक प्रश्न आहे. व्हिको टर्मरिक हे औषध की प्रसाधन? हा वाद उत्पादन शुल्क खात्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि कौल औषधाच्या बाजूने लागला. म्हणजे व्हिको लावणारी व्यक्ती नटत नसते, उपचार घेत असते. ‘किती वेळ आरशापुढे?’ असे विचारणाऱ्या सासूबाईंपुढे हा मुद्दा विनम्रपणे, शक्यतो नवऱ्याच्या तोंडून मांडावा.

आता सनस्क्रीन. या परीक्षेत शंभरपैकी साठ गुण या एकाच प्रश्नाला आहेत आणि तोच प्रश्न सर्वाधिक उमेदवार सोडून देतात. कारणे ठरलेली : मी उन्हात कुठे जाते; चिकट होतं; आमच्या आईने कधी लावलं नाही. पहिल्या कारणाची तपासणी करू. अतिनील किरण दोन प्रकारचे पोहोचतात. यूव्हीबी कातडी भाजतो. त्याला साधी काच बऱ्यापैकी अडवते. यूव्हीए सुरकुत्या आणि काळे डाग वाढवतो आणि साध्या काचेतून खुशाल आत येतो. म्हणजे बंद खिडकीशी टेबल असणे ही कचेरीत प्रतिष्ठा असली, तरी त्या बाजूच्या गालासाठी ती बदलीची शिक्षा आहे. डब्यावरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. यूव्हीएसाठी पीए लिहून पुढे अधिकची चिन्हे देतात, ती मोजावीत.

एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवते, ५० साधारण ९८. यावरून दुकानातली ताई १०० चा डबा पुढे सरकवेल तेव्हा आपण किती वितळायचे हे ठरवावे. खरी मेख पुढेच आहे. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात. त्या हिशेबाने चेहरा आणि मान यांना मिळून तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. आपण लावतो वाटाण्याएवढे, तेही ‘ट्यूब पावणेचारशेची आहे’ हे मनात घोळवत. मग पन्नासच्या डब्यातून अंगाला किती लागले, याचा हिशेब कंपनीकडे मागू नये. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते. हे वाक्य सगळे वाचतात, कोणी पाळत नाही.

झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर पांढुरके दिसते. ‘कुठे अंगारा लावून आलीस?’ असा प्रश्न येईल. तेव्हा रंग घातलेले किंवा पांढरा थर न सोडणारे निवडावे. नाहीतर दशमीला लावले आणि एकादशीपासून बंद, असे होते. ज्यांना यातले काहीच मान्य नाही त्यांनी पुण्याच्या दुचाकीस्वार मुलींकडे बघावे. डोळ्यांपुरती फट ठेवून डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ हा या विषयातला महाराष्ट्राचा स्वतंत्र प्रबंध आहे. जाड कापडाइतके प्रामाणिक सनस्क्रीन दुसरे नाही. शिवाय ओळखीच्या माणसाला टाळता येते.

इथवर आलात तर खरे म्हणजे काम संपले. सौम्य फेसवॉश, ओलाव्याचे काहीतरी, सनस्क्रीन : बहुतेक चेहऱ्यांना एवढे पुरते, आणि हे माझे मत ऐकून त्वचेच्या डॉक्टरांपेक्षा दुकानदारांना जास्त वाईट वाटेल. पण पदवीचा मोह सुटत नाही, म्हणून मध्यमा.

मध्यमेत बाटल्या येतात. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. स्वभावाने गरीब, बहुतेकांना चालते. नवशिक्यांनी इथून आरंभ करावा. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते, म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रात उतरते. मुरुमे, काळे ठिपके असतील तरच घ्यावे. क जीवनसत्त्वाचे सीरम हवा-उजेडाने बिघडते. ते कोऱ्या चहाच्या रंगावर आले की टाकून द्यावे. ‘एवढ्या महागाचं टाकू?’ म्हणून हातापायाला लावून संपवणाऱ्या उमेदवारांबद्दल परीक्षक मंडळाला आदर आहे, पण गुण देता येत नाहीत. रेटिनॉल रात्री, वाटाण्याएवढे (वाटाणा इथे वापरावा), सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. गरोदरपणात अजिबात नाही. कोरियाहून येणारा गोगलगायीचा स्राव ऐच्छिक विषय आहे. आषाढात परसातल्या गोगलगायींवर मूठभर मीठ टाकणाऱ्या कोकणातल्या आजीला तो दाखवायचा की नाही, हे उमेदवाराने आजीची प्रकृती पाहून ठरवावे.

नियम एकच : एका वेळी एक बाटली. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात; सोमवारी लावून गुरुवारी आरशाला जाब विचारू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस थांबावे. किंमत विचारली गेल्यास ‘ऑफरमध्ये होतं’ हे उत्तर पुरेसे आहे. ते खोटेही नसते, कारण ऑफर कधी संपतच नाही.

परीक्षागृहात आणण्यास मनाई असलेल्या वस्तू : लिंबू. लिंबाचा रस तोंडावर चोळून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. लिंबू पोह्यांवर पिळावे. खायचा सोडा, टूथपेस्ट, हे स्वयंपाकघर आणि मोरी यांचे विषय. आणि एक वस्तू विनोद बाजूला ठेवून : खाजेसाठी घरात कोणाला तरी लिहून दिलेली स्टेरॉइडची ट्यूब. ती तोंडाला लावली की पहिले काही दिवस चेहरा खरोखर उजळ, नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाली चढते, मुरुमे येतात, आणि सोडली की दुप्पट उसळते. शेजारणीने सांगितली म्हणून ती महिनोन्‌महिने वापरणाऱ्या मुलींना पुढे त्वचेच्या डॉक्टरांच्या रांगेत बसावे लागते. बिनलेबलाच्या गोरेपणाच्या डब्या तर हातातही घेऊ नयेत. अशांत पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमने १९७५ पासून मिरवलेला ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये नावातून काढला. स्थळांच्या यादीतला ‘वर्ण’ हा रकाना अजून कोणी काढलेला नाही.

विशारद, म्हणजे रंग. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाते म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना गळ घातली आणि १९५२ मध्ये लॅक्मे उभी राहिली, असे सांगतात. त्यामुळे लिपस्टिक लावताना आपण चैन करत नसून राष्ट्रीय गंगाजळी राखत आहोत, अशी मुद्रा ठेवावी. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नये. मनगटावर रेघ ओढून फुटपाथवर यावे, उजेडात बघावे; तुळशीबागेत यासाठी गर्दीत दोन मिनिटे उभे राहण्याचा सराव लागतो. ‘न्यूड’ लिहिलेल्या कांड्या बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कातडीच्या असतात, आपल्या ओठांवर त्या आजारपण आणतात. विटकरी, गडद गुलाबी, जांभळाकडे झुकणारा तपकिरी, हे आपल्याकडच्या वर्णांना शोभतात. श्रावण पाळणाऱ्यांनी एक सूचना लक्षपूर्वक वाचावी : काही लिपस्टिकचा लाल रंग कार्माइनचा, म्हणजे निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला असतो. खोक्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी, हे बघून मगच सत्यनारायणाला बसावे.

प्रायमरचे अवडंबर नको. कपाळावर आधी मेण आणि मग कुंकू लावणाऱ्या पणजीला सगळे ठाऊक होते. टिकली रोज एकाच जागी लावू नये, रात्री काढावी. काहींच्या गोंदातल्या एका रसायनाने तिथली कातडी पांढरी पडते. मस्करा आणि लायनर तीन-सहा महिन्यांत बदलावेत, मैत्रिणीलाही देऊ नयेत. लोकलच्या लेडीज डब्यात लायनर लावण्याची प्रात्यक्षिके रोज सकाळी मोफत चालतात. नवख्यांनी आधी निरीक्षण करावे. गाडी सांधा बदलते त्या क्षणी पेन्सिल डोळ्यापासून दूर असते, हे त्या बायकांना न बघता कळते. ते कौशल्य कोणत्याही ब्रँडबरोबर मिळत नाही.

अंतिम तोंडी परीक्षा नात्यातल्या लग्नात, पंगतीच्या आसपास होते. परीक्षक आत्या. ‘झोप होत नाही का गं?’ म्हणाल्या तर प्रारंभिकपासून पुन्हा. ‘काय छान दिसतेयस, बारीक झालीस का?’ म्हणजे उत्तीर्ण. ‘तोंडाला काय लावतेस?’ हा प्रश्न आला की विशेष योग्यता. यावर ‘काही नाही हो आत्या, डाळीचं पीठ’ असे उत्तर देण्याची परंपरा आहे. आत्या मान डोलावतील, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवतील आणि हळूच म्हणतील, ‘त्या पिठाची लिंक पाठव मला.’