खिडकीवाले भाऊ

लालबाग-परळच्या प्रत्येक चाळीत एक भाऊ असतात. त्यांना विचारल्याशिवाय तिथे कुणी विमानाचं तिकीट पक्कं करत नाही. तिकीट स्वस्त कुठे मिळतं याच्याशी भाऊंना देणंघेणं नसतं. त्यांचा प्रश्न एकच, "खिडकी कुठली घेतलीस?" आपण "मिळेल ती" म्हटलं, की भाऊ चष्मा काढून पुसायला लागतात.

भाऊंचं शिक्षण परळच्या एसटी आगारात झालं. मे महिन्यात कोकणची गाडी फलाटाला लागायच्या आत, धावता धावता खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग कोपरं चालवत आत शिरून त्या रुमालावर सातबारा असल्यासारखा हक्क सांगायचा. वेब चेक-इन म्हणजे भाऊंच्या मते पैसे मोजून टाकलेला रुमाल! त्यात मर्दुमकी नाही, पण अक्कल जुनीच लागते. एसटीत चाकावरची सीट नको, तशी विमानात पंखावरची नको.

"गोव्याला? ए घे. डावीकडे."

का, असं विचारू नये. विचारलंत तर चहा गार होतो. मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून उडतं, कारण वारा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन वर चढतं. म्हणून त्या धावपट्टीचं नाव 27, म्हणजे होकायंत्रावरचे 270 अंश. जुहूचा किनारा ओलांडून ते दक्षिणेला वळलं, की मुंबई आणि कोकण डावीकडे आणि एफवाल्याच्या वाट्याला नुसता अरबी समुद्र. "पाणीच बघायचं तर तिकीट कशाला? गिरगाव चौपाटीवर फुकट आहे." वर सूचना : दुपारचं विमान घे, सकाळी ऊन तोंडावर येतं.

दिल्लीहून काठमांडूला जाणाऱ्या एका मावशींना त्यांनी हिमालयासाठी ए सांगितलं. मावशींनी परतीलाही ए-च घेतलं आणि गंगेकाठची सपाट शेतं बघत आल्या. भाऊंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. बोइंग 737 मध्ये डाव्या बाजूला, पंखाच्या जरा पुढे, एका रांगेला खिडकीच नसते, तिथल्या भिंतीतून एसीची नळी वर जाते. हे भाऊंना तोंडपाठ आहे. तरीही त्यांचे साडू नेमके तिथेच कसे बसले, यावर घरात दोन मतं आहेत.

स्वतः भाऊ क्वचितच उडतात. उडतात तेव्हा खाली सी-लिंक आहे की मलबार हिल, याची त्यांना फिकीर नसते. त्यांना लालबाग शोधायचं असतं. शिवाजी पार्कचा चौकोन सापडला की ते काचेवर बोट टेकवून पूर्वेला सरकतात, दादर, परळ, आणि मग सगळे टॉवर. गिरण्यांच्या चिमण्यांची खूण हवी, तर 1982 च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, आणि उरलेल्या चिमण्या टॉवरांच्या आड. तेवढ्यात विमान ढगात शिरतं. भाऊ मात्र शेजारच्या झोपलेल्या माणसाला हलवून सांगतात, "ती बघा, आमची चाळ." तो माणूस ढगाकडे बघून मान डोलावतो. मुंबईत शेजारधर्म अजून आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि भाऊंची सगळी विद्या एका दिवसात जुनी झाली. नव्या जागी वळण वेगळं, डोंगर वेगळे, खाडी वेगळी. पुतणीने विचारलं, "भाऊ, तिकडून गोवा, ए की एफ?" पहिल्यांदाच भाऊ गप्प बसले. मग म्हणाले, "घाई करू नकोस. आधी वारा बघून येतो."

दुसऱ्या दिवशी ते कॉटन ग्रीनला पनवेल लोकलसाठी उभे होते. पहिल्या दोन गाड्या त्यांनी सोडल्या. उजवीकडची खिडकी रिकामी नव्हती, आणि विमानतळ उजवीकडे दिसतो.