साधकाने झोप कुठून आणावी?

घरच्या घरी योग आणि ध्यान सुरू करणाऱ्याने आधी मॅट विकत घेऊ नये. मॅट कपाटामागे उभी करून ठेवता येते. झोपेचे तसे नाही, म्हणून आधी तिचा बंदोबस्त करावा. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. म्हणजे पहाटे चारला उठायचे तर रात्री नऊला दिवा मालवायला हवा. नऊ वाजता घरात काय चाललेले असते, ते साधकाने एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहावे. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, आणि उद्या शाळेत गड-किल्ल्यांचा चार्ट न्यायचा आहे हे चिरंजीवांना तेव्हाच आठवलेले असते. साधक आडवा होतो साडेअकराला. हिशेबात अडीच तासांची तूट येते. ती कुठून भरून निघते, ते पुढे ओघाने येईलच.

आता चारच का? तर ब्राह्ममुहूर्त. इथे पंचांग उघडण्याचे कष्ट कोणी घेत नाही. एक मुहूर्त 48 मिनिटांचा, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे 96 मिनिटे आधी लागतो. त्याचे नाते सूर्याशी आहे, मोबाइलशी नाही. मुंबई-पुण्याकडे जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. म्हणजे मुहूर्त लागतो साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान. चारला उठून थंडीत कुडकुडत बसलेला साधक दीड तास आधीच स्टेशनावर येऊन थांबला आहे. उलट जूनमध्ये तोच मुहूर्त साडेचारच्याही आधी गाठावा लागतो. नागपूरकरांनी यातून आणखी वीस-पंचवीस मिनिटे वजा करावीत; सूर्य त्यांच्याकडे आधी येतो, त्याला आपला इलाज नाही. योगदिन मात्र 21 जूनला, म्हणजे गजर सर्वांत लवकर लावावा लागतो त्या दिवसांत. नवशिक्याने जानेवारीतच सुरुवात करावी. शास्त्रही पाळले जाते आणि तासाहून जास्त पांघरूणही मिळते.

गजर एकच लावावा. चार, चार पाच, चार दहा अशी माळ लावली की पहिल्या गजराला बायको उठते, दुसऱ्याला आई, तिसऱ्याला शेजारचे कुत्रे, आणि साधक सव्वासहाला ‘मला कोणी उठवलं का नाही?’ असे विचारत बाहेर येतो. उठल्यावर गीझरचे बटण, बाथरूमची कडी आणि पाणी प्यायचे स्टीलचे भांडे या तीन गोष्टींशी जपून वागावे. भ्रामरी आणि ओंकार उजाडल्यावरच करावेत. सोसायटीत भिंती पातळ असतात, आणि पंपाची मोटर बंद करायची राहिली की काय म्हणून वॉचमनला उगाच खाली-वर करावे लागते.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आलेल्यांसाठी वेगळी सूचना. तिथे पहाटे चारला घंटा होते हे खरेच. पण रात्री साडेनऊला दिवे जातात, मोबाइल जमा असतो, जेवण दुसरे कोणीतरी रांधते आणि दहाव्या दिवसापर्यंत इतर साधकांशी बोलायचे नसते. यातली फक्त घंटा घरी आणू नये.

ध्यानाला बसल्यावर काय होते, ते आता नीट पाहू. डोळे मिटलेले, खोली अंधारी, श्वास संथ. शरीर म्हणते, ते अडीच तास टाका इथे. मग मान हळूहळू डावीकडे कलते, खालचा ओठ सुटतो, हनुवटी छातीला टेकते. झटका बसतो, साधक ताठ होतो, तर्जनी-अंगठा पुन्हा जुळतात आणि चेहऱ्यावर काहीच न घडल्याची शांती पसरते. घरातल्यांनी या वेळी आत येऊ नये. कोणी आलेच तर संवाद असा व्हावा:

‘अहो, घोरताय.’

‘घोरत नाहीये. उज्जायी चाललाय.’

हे उत्तर शास्त्रशुद्ध आहे, कारण उज्जायीत घशातून घर्षणाचा आवाज येतोच. तोंड मिटलेले असेल तरच मात्र द्यावे. पतंजलींनी निद्रेला पाच वृत्तींत बसवले आहे आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध, या आधारावर काही जण झोपच कमी करू पाहतात. त्यांनी गीतेचा सहावा अध्याय काढावा. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, असे तिथे आहे. हे साधक मुलांना रोज ऐकवतो. फार जागणाऱ्यालाही तो साधत नाही, हे त्याच श्लोकात आहे. तेवढे तो स्वतः वाचत नाही.

तुटीचा उरलेला भाग वामकुक्षीत निघतो. वीस मिनिटे डाव्या कुशीवर पडण्याला कोणाची हरकत नाही. पण दीडला टेकलेला साधक साडेतीनला उठला, तर पहाटे मिळवलेले दुपारी गेले, आणि वर रात्री आडवे झाल्यावरही डोळा लागत नाही. मग तो संध्याकाळी सहाला कडक चहा घेतो. चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे अकरा वाजता अर्धा कप अजून आत जागाच असतो. संध्याकाळची बैठक ज्यांना हवी त्यांनी ती जेवणाआधी उरकावी. भरल्या पोटी पश्चिमोत्तानासन केल्यास वरणभात पुन्हा भेटतो.

एका बाबतीत मार्गदर्शकही जरा अडखळतो. साधक मॅट अंथरत असतो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो आणि पावणेसातच्या डब्यासाठी कणीक मळली जात असते. ते काम वर्षानुवर्षे त्याच मुहूर्तावर चालले आहे, तेही गजराशिवाय, आणि त्याला साधना म्हणावे असे कोणाच्या मनात आलेले नाही. तेव्हा आठवड्यातून निदान दोन दिवस मॅट कणीक मळणारीला द्यावी आणि पोळ्या साधकाने लाटाव्यात. गोल झाल्या नाहीत तरी चालेल. त्या दिवशी शवासन कमी पडल्याची तक्रार करू नये, आणि ऑफिसात ‘मी चारला उठतो’ हे दहाच्या आधी सांगू नये. दहानंतर सांगायचेच असेल तर जांभई आवरून सांगावे.