देखभालमुक्त अंगण

बागकामातला वेळ वाचवण्याचा प्रश्न पुण्यातल्या अनेक सोसायट्यांनी कायमचा निकालात काढला आहे. त्याची सन्मानपूर्वक नोंद व्हायला हवी. गवत वाढते म्हणून कापावे लागते. सबब गवतच काढले. मातीचा चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले. आता माळी नको, विळा नको. गांडुळांनी आपली सोय अन्यत्र पाहावी.

हिरवेपणाची हौस प्लास्टिकच्या हिरवळीने भागते. ती वाढत नाही, सुकत नाही, शेळीसुद्धा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. एप्रिलच्या उन्हात ती अशी तापते की पाय ठेवण्यापूर्वी तिच्यावर पाणी मारावे लागते. खऱ्या गवताला पाणी घालणे हा अपव्यय. हे तापमान व्यवस्थापन.

अडचण उरते ती झाडाची. ते पाने गाळते, तीही सर्वसाधारण सभेचा ठराव नसताना. तोडायचे तर 1975 चा वृक्ष कायदा आडवा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले होते. पण आपण कुठे दिल्लीत राहतो? बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतावे. झाड यथावकाश स्वतःच वाळते आणि 'धोकादायक' ठरून रीतसर परवानगीने जाते. कायद्याचा असा आदर क्वचितच पाहायला मिळतो.

पावसाचे पाणीही आता आवारात रेंगाळत नाही, थेट रस्त्यावर जाते. बोअर आटल्यामुळे टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कात जोडला आहे. सभासदांनी तो 10 तारखेच्या आत भरावा, ही विनंती.