सिंहस्थातला माझा गुडघा

माझ्या गुडघ्याला काय झालंय ते एक्सरे सांगतो. पुढं काय काय होणार, ते मी सांगते. जिना उतरताना ‘कट्’ वाजलं की तिसऱ्या पायरीला माझं ऑपरेशन होतं, चौथीला ते बिघडतं आणि तळमजला येईपर्यंत मी २०२७च्या सिंहस्थात, रामकुंडाच्या पायऱ्यांवर अडकलेली असते. मागं लाखो भाविक, पुढं आखाडे, मधे मी. पोलिसांच्या शिट्ट्या. भोंग्यावरून माझं नाव पुकारतायत, तेही चुकीचं. दोन स्वयंसेवक मला उचलायला येतात आणि (हे फार लागतं) तिसऱ्याला हाक मारतात. वर्षानुवर्षं उभ्यानंच तप करणारा एक खडेश्वरी साधू माझ्याकडं बघून हसतो. त्याचे गुडघे मजेत! गांधी तलावाजवळ मला कुठं टेकवायचं, ती सावलीसुद्धा मी बघून ठेवली आहे.

हे ऐकून लेकानं एक प्रश्नावली पुढं केली. मायकेल सलिव्हन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह १९९५मध्ये प्रसिद्ध केलेली. १३ विधानं, प्रत्येकी ० ते ४, एकूण गुण ५२. दुखणं उगाळणं, फुगवणं आणि ‘आता आपल्या हातात काही नाही’ म्हणून बसणं, या तिन्हींत तुम्ही किती तयार, ते कळतं. मी विशेष प्रावीण्यात. समोरच्या वहिनींनाही भरायला लावली. त्या बऱ्याच मागं पडल्या.

भीतीनं चालणं टाळलं की मांडीचे स्नायू दुबळे होतात, भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि भीती म्हणते, बघ, मी सांगत नव्हते? इथवर पटलं. पण लेक म्हणाला, ‘‘म्हणजे आई, सगळं मनाचंच.’’ तिथं माझी सटकली. दुखणं खोटं आहे, असं त्या १३ विधानांत कुठंही नाही. सारख्याच एक्सरेची दोन माणसं घ्या. एक सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतं, दुसरं खालीच ट्रॉलीचं तिकीट काढतं. दुखतं किती, ते फिल्मवर उमटत नाही.

पंचवटीतल्या वाड्यात माझी आई शेवटी शेवटी बसूनच सरकायची. फरशीवर नऊवारीची खसखस ऐकू यायची. पाहुणे यायच्या आधीच ती भिंतीला टेकून बसायची, त्यांच्यादेखत उठावं लागू नये म्हणून. तिला कुणी व्यायाम सांगितला नाही. जो तो वय सांगत होता. ‘कट्’ वाजलं की मला ती खसखस आठवते. याला फुगवणं म्हणायचं तर खुशाल म्हणा.

हल्ली गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळते आणि दहा आकडे मोजते. मोजताना घाबरायला वेळ मिळत नाही, हा फायदा. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते, ‘‘काकू, काही दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरू. गुण कमी व्हायला हवेत हं.’’ कमी! शाळेत कधी पहिला नंबर न सोडलेल्या बाईला हे सांगते. आणि वहिनी तर आजकाल माझ्या दारासमोर आल्या की मुद्दाम मोठ्यानं ‘आई गं’ म्हणतात.