बॉनेटची दांडी भंगारात टाकणाऱ्या शेठना

शेठ,

‘सप्रेम’ लिहिण्याइतकं प्रेम आता उरलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

दीड वर्षापूर्वी रत्नागिरीत तुमच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मी सीट कव्हर घ्यायला आलो होतो. तुम्ही माझं बॉनेट उघडून दाखवलंत आणि म्हणालात, “दांडी कसली लावता? हायड्रोलिक बसवून देतो, बोटाने उचललं की वर.” वीस मिनिटांत दोन्ही बाजूंना दोन काळ्या नळ्या बसल्या. बॉनेट झपकन वर गेलं, मला आवडलं, मी पैसे दिले. मूळची लोखंडी दांडी तुमच्या पोऱ्याने उपसून भंगाराच्या पिंपात टाकली. त्या वीस मिनिटांत तुम्ही ड्रिल दोनदा उचललंत. मापाची टेप एकदाही उचलली नाहीत.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाचगणीला गेलो होतो. पहाटे मामांनी कूलंट बघायला बॉनेट उघडलं. ते उभं राहिलं, म्हणून मामा आत वाकले आणि ते खाली आलं. मनगटावर पडलं. हाड मोडलं. डोकं चार बोटांनी वाचलं. आदल्या दिवशी दुपारी रत्नागिरीत हेच बॉनेट पाच मिनिटं हललं नव्हतं. असं का झालं, हे मी नंतर समजून घेतलं. तुम्ही ते विकण्याआधीच समजून घ्यायला हवं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे ते हायड्रोलिक नाही, गॅस स्ट्रट आहे. त्या नळीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. तेल असतं ते थोडंसं, सील ओलं राहावं आणि दांडा शेवटी हळू थांबावा एवढ्यापुरतं. बॉनेट तोलतो तो वायूचा दाब. तुम्ही लावलेल्या स्ट्रटवर ४०० न्यूटन छापलेलं आहे आणि त्याचा दांडा ८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे आत सुमारे ८० बार दाब. टायरमध्ये आपण सव्वादोन बार भरतो, यावरून त्या नळीत काय कोंडलंय याचा अंदाज करा. अशी नळी कापायची नसते, तापवायची नसते, तिला भोक पाडायचं नसतं. निकामी झाली की तुमच्या पिंपातून ती भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली जाते, तेव्हा तिथल्या पोराला हे कोण सांगतं?

दुसरी गोष्ट वजनाची. बॅगा तोलायचा हुकाचा काटा बॉनेटच्या पुढच्या कडेला अडकवून मी ते जरासं उचललं. काटा ७ किलो दाखवतो. कड बिजागरीपासून एक मीटरवर, म्हणजे बंद अवस्थेत भार सुमारे ६९ न्यूटन-मीटर. पन्नास अंशांपर्यंत उघडल्यावर तो उतरून ४४ वर येतो. तुम्ही ठरवलेल्या जागी स्ट्रटची रेषा उघड्या अवस्थेत बिजागरीपासून १२ सेंटिमीटर दूर आहे. भागाकार केला की दोघांनी मिळून ३६७ न्यूटन हवेत, एकेकाला १८४. वर वीस टक्के राखीव धरली तर २२० चा स्ट्रट पुरे. तुम्ही ४०० चा लावलात, कारण दुकानात तोच होता.

जास्त जोर म्हणजे जास्त सुरक्षा, असं तुम्ही मला सांगितलंत. ते खोटं आहे. बॉनेट बंद असताना ते दोन स्ट्रट मिळून पातळ पत्र्याला आणि बिजागरीला ८० किलोचा रेटा देत राहतात, गाडी घरी उभी असतानाही. माझ्या बॉनेटचे मागचे कोपरे उचलले गेले, फेंडरजवळची फट एका बाजूला दुप्पट झाली. कंपनीच्या बोल्टच्या जागा वापरण्याऐवजी तुम्ही आतल्या पत्र्याला भोकं पाडून स्क्रू पिळलेत. उघड्या पडलेल्या कडांना रंगाचा एक हातही दिला नाहीत. कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथून गंजाचा ओघळ खाली उतरला.

तिसरी गोष्ट, ज्याने मामांचा हात मोडला. बॉनेट मिटलेलं असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर असायला हवी, म्हणजे आतलं तेल सीलवर बसून राहतं. तुम्ही स्ट्रट उलटे बसवलेत. सील कोरडं पडलं, वायू थोडाथोडा झिरपत राहिला आणि जोर निम्म्याहून खाली आला. तरी रत्नागिरीच्या उन्हात तो कसाबसा पुरत होता, कारण वायू तापला की दाब वाढतो. पाचगणीच्या पहाटे तापमान वीसेक अंशांनी कमी होतं. तेवढ्याने जोर सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरतो. काठावर उभ्या असलेल्या बॉनेटला तेवढं पुरलं. थोडा वेळ ते घर्षणावर तगलं आणि मग पडलं.

आणि ती दांडी असती तर हे काहीच घडलं नसतं. लोखंडाच्या सळईतून काही झिरपत नाही. तिला थंडी कळत नाही. खाचेत बसली की ती बॉनेट धरून ठेवते. गॅस स्ट्रट ही वाईट वस्तू नाही. डिकीचं दार वर्षानुवर्षं तिच्यावरच उघडं राहतं, कारण तिथे कारखान्यात कोणीतरी वजन, कोन आणि जागा मोजलेली असते. तुम्ही वस्तू विकलीत, मोजणी गाळलीत आणि जुना आधारही काढून घेतलात. माझा राग आहे तो यासाठी.

मला पैसे परत नकोत. तीन गोष्टी करा. बॉनेट तोलल्याशिवाय आणि जागा मोजल्याशिवाय स्ट्रट लावू नका. गिऱ्हाइकाला तोंडी सांगा की ही झिजणारी वस्तू आहे, बॉनेट आपोआप खाली सरकायला लागलं की जोडी बदलायची, एकच नव्हे. आणि मूळची दांडी जागेवरच राहू द्या.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्या गाडीला बाहेरून लावलेले स्ट्रट असतील, तर उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, बॉनेट उघडा आणि बाजूला उभे राहून पाच मिनिटं थांबा. हात आत घालू नका. ते जराही खाली आलं, तर पुढच्या वेळेस वाकण्याआधी त्याला दांडी लावा. दांडी नसेल तर लगेच आणा. मामांचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण उजव्या हाताने पाना अजून घट्ट पिळता येत नाही.

आपला,
एक गाडीमालक