'इतर' नावाचा बिघाड

भोसरी-चाकण पट्ट्यात हल्ली प्रत्येक शेठला 'आपल्या पद्धतीचं' सॉफ्टवेअर हवं असतं. तयार मिळतं ते चालत नाही, कारण आपला कारखाना जगावेगळा! मग संगणकवाली पोरं येतात, आपली पद्धत समजून घेतात आणि मूळचा गोंधळ जसाच्या तसा पडद्यावर रंगीत करून देतात. बिल वेगळं.

ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, हा त्यातला लाडका आकडा. मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के असे देखणे आकडे धरले तरी उत्तर जेमतेम ८५ येतं. ओळखीच्या एका शॉपवर मात्र तो १०४ येतो! सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) भरलाय कोटेशनमधला, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा, ऐसपैस. लक्षात आणून दिलं, तर शेठ म्हणाले, "राहू द्या हो, ऑडिटवाल्यांना आवडतो."

मशीन थांबलं की ऑपरेटरनं टॅबवर कारण निवडायचं. यादी हातभर लांब, हात तेलकट आणि सगळ्यात वर 'इतर'. त्यामुळे महिनाअखेरच्या पॅरेटो आलेखात 'इतर' हाच सर्वांत मोठा बिघाड. मेंटेनन्सला तो तातडीनं दुरुस्त करण्याचा मेमो गेला आहे.

सुपरवायझर शिफ्ट संपताना वहीतले आकडे एका बैठकीत टॅबवर चढवतो. रिअल टाइम डेटा तो हाच.

"मग वही कशाला ठेवता?"

"सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय का, ते ताडून बघायला नको?"